चामड्याचा वायसर

आपल्या घरातल्या निम्म्या वस्तू एका वायसरवर चालतात, आणि तो जाईपर्यंत कुणाच्या ध्यानातही येत नाही. रॉकेलचा स्टो, सायकलमध्ये हवा भरायचा पंप, गावातला हापसा... सगळ्यांच्या पोटात एक चामड्याची छोटीशी वाटी. ती तेलकट आणि मऊ आहे तोवर हवा अडते, पाणी वर चढतं. ती वाळली की माणूस नुसता दांडा हलवत बसतो. (त्याला वॉशर म्हणायचं असतं हे मला पुण्याला गेल्यावर कळलं. आमच्या अंथुर्ण्यात वायसरच म्हणतात, आणि इथे मीही तेच म्हणणार आहे.)

तर आजचं पुराण अशाच एका वायसरचं. तो होता आमच्या अण्णांच्या छऱ्याच्या बंदुकीत.

ही बंदूक अण्णांनी १९८१ साली घेतली. दस्त्यावरचं पॉलिश उडालंय, पण नळीवरची ‘आयएचपी’ ही अक्षरं अजून वाचता येतात. आयएचपी म्हणजे इंडियन ह्यूम पाइप. सिमेंटचे पाइप बनवणारी ही कंपनी छऱ्याच्या बंदुकाही बनवायची, जर्मनीच्या डायना बंदुकीच्या धर्तीवर. आता गंमत बघा. ही कंपनी १९२६ साली काढली शेठ वालचंद हिराचंद यांनी, आणि आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर जे वालचंदनगर आहे तेही त्यांचंच. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर १९३०च्या दशकात त्यांनी कळंबच्या माळावर ऊस लावला, साखर कारखाना काढला, आणि पुढे तिथल्या यंत्रशाळेतून इस्रोच्या अग्निबाणांचे भागसुद्धा तयार होऊन गेले. त्यामुळे अण्णा बंदूक दाखवताना नेहमी म्हणायचे, “ही आपल्या शेजारच्याच घरातली हाय.” हा हिशेब थोडा ओढूनताणून असला तरी त्यांच्या तोंडी शोभायचा.

अण्णा बंदुकीने पाखरं मारत नसत. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सगळा वाद त्यावरूनच झाला. ज्वारी निसवली की शेतात पाखरांच्या झुंडी उतरतात. गोफण फिरवून फिरवून माणसाचा खांदा निखळतो. अण्णांनी काय करावं, तर शेताच्या मधोमध एका बांबूला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा टांगावा आणि माळ्यावर बसून त्या डब्यावर छर्रा मारावा. टण्ण! अख्खी झुंड उडायची. एक छर्रा, एक आवाज. छर्रा डब्याला लागला पाहिजे एवढंच त्यांना हवं असायचं. जोर किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

अण्णा २०१९ साली गेले. बंदूक फडताळावर गेली. गेल्या दिवाळीत मी गावी गेलो, तेव्हा ती खाली निघाली आणि घरात तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष पुतण्याचा. तो नववीत आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून या पोराच्या डोक्यात नेमबाजी शिरलीय. दुसरा पक्ष धाकट्या भावाचा. त्याचं दोन एकर डाळिंब आहे, आणि ऐन भरात पोपट येऊन फळ कुरतडून टाकतात. खात नाहीत हो, नुसतं भोक पाडतात आणि पुढच्या झाडावर. भोक पडलेलं डाळिंब व्यापारी हातात घेत नाही. तिसरा पक्ष आईचा. ती एवढंच म्हणाली, “घरात पोरगं हाय. ती वस्तू वरच बरी हुती.”

बंदूक तर चालेना. नळी मोडून छर्रा भरला, घोडा दाबला की फुस्स. छर्रा जायचा, पण खडा फेकल्यासारखा. म्हणून मी एक किट मागवलं. अशा जुन्या बंदुकांसाठी हल्ली कुरिअरने किट मिळतं. त्यात नवा वायसर (चामड्याऐवजी सिंथेटिक), स्प्रिंगच्या आत बसणारी प्लॅस्टिकची नळी, नळीच्या बुडाची रबरी रिंग, ग्रीसची छोटी ट्यूब आणि स्प्रिंगा दोन. एक साधी आणि एक जड. जडच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘पॉवर’.

पुढे जाण्याआधी ही बंदूक चालते कशी ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की स्प्रिंगच छऱ्याला ढकलते. तसं नाही. नळी मोडली की आतला दट्ट्या मागे जातो आणि स्प्रिंग दाबली जाते. घोडा दाबला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या सणकन पुढे येतो आणि समोरची हवा चेपतो. ती चेपलेली, तापलेली हवा छर्रा बाहेर फेकते. म्हणजे हा एक सायकलचा पंपच, फक्त क्षणात चालणारा. दट्ट्याच्या तोंडाला वायसर. तो गळका असेल तर स्प्रिंग कितीही जोरकस घाला, हवा कडेने निसटणार.

हवा इतकी तापते की आत साधं तेल सांडलेलं असलं तर ते पेटतं. ट्रॅक्टरच्या इंजिनात डिझेल ठिणगीशिवाय पेटतं ना, तेच. त्यामुळे ‘जोर वाढतो’ म्हणून नळीत तेल ओतणारे जे बहाद्दर असतात ते खरं तर वायसर आणि स्प्रिंग दोन्ही मारत असतात. छर्रा न भरता घोडा दाबणंही असंच. हवेला अडवायला समोर काही नसलं की दट्ट्या लोखंडावर जाऊन आदळतो.

उघडण्याआधी पुतण्याला म्हटलं, आधी मोजू. आज बंदूक किती जोराने मारते ते माहीत नसेल तर उद्या काय सुधारलं ते कळणार कसं? वेग मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. पण पोराचा फोन होता. परड्यात टेपने २० मीटर मोजले. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला पत्र्याचा डबा आणि त्याच्यामागे मातीचा ढीग. फोन बरोबर मध्ये, १० मीटरवर, बाजूला सरकवून ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. बंदुकीचा आवाज आणि डब्याचा आवाज, दोघांनाही फोनपर्यंत यायला सारखाच वेळ लागतो. त्यामुळे वजाबाकीत तो उडून जातो आणि उरतो फक्त छऱ्याचा प्रवास. रेकॉर्डिंगच्या आलेखात दोन टोकं दिसली. मधलं अंतर ०.१६ सेकंद. वीस भागिले ०.१६ म्हणजे सेकंदाला १२५ मीटर. पुतण्या म्हणाला, “काका, हे शाळेत असं शिकवलं असतं तर!” (मास्तर मंडळींनी नोंद घ्यावी. :-) )

आता उघडण्याचं काम. यात खरी भीती स्प्रिंगची. ती बंदुकीत मोकळी नसते, आधीच दाबून बसवलेली असते. मागचा ठोकळा दोन आडव्या पिनांनी अडवलेला असतो. कुणी मागे आधार न देता पिन ठोकून काढली तर तो ठोकळा गोळीसारखा मागे येतो. दात जातील, डोळा जाईल. म्हणून सुताराचा लांब शिकंजा आणला. नळीच्या तोंडाशी लाकडाचा तुकडा, मागे लाकडाचा तुकडा, शिकंजा आवळला, मग पंचने पिना काढल्या आणि शिकंजा पेर-पेर सैल करत गेलो. स्प्रिंग चांगली चार बोटं लांब झाली तेव्हा कुठे तिचा जीव शांत झाला. आई दारात उभी राहून बघत होती. तिला मुद्दाम जवळ बोलावून दाखवलं की कशाला भ्यायचं आणि कशाला नाही.

दट्ट्या बाहेर आला आणि त्याच्या तोंडाचा तो वायसर. तो मूळचा नव्हताच. हाताने कापलेला, कडेला कात्रीचे दात दिसणारा, काळा पडलेला जाड चामड्याचा तुकडा. वाळून मधोमध चिरला होता. आईने तो हातात घेतला, नखाने खरवडला, वास घेतला आणि म्हणाली, “ही मोट हाय.”

आमच्या विहिरीवर इंजिन येण्याआधी मोट होती. आज्ज्यांच्या वेळची. इंजिन आल्यावर मोट गोठ्यात खुंटीला लटकत राहिली. तिच्या चामड्यातून अण्णांनी वर्षानुवर्षं काय काय कापलं ते आई सांगत बसली. बैलाच्या जुपण्या, दाराच्या बिजागरीखालच्या चकत्या, हापशाचे वायसर. आणि हा बंदुकीचा. दर पावसाळ्यानंतर तो काढून करडईच्या तेलात भिजत घालायचे म्हणे. आम्हा दोघा भावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बंदूक माळ्यावर धडाडायची तेवढी आठवते. ती धडाडण्यासाठी कुणीतरी आदल्या रात्री वायसर तेलात घालतं, हे पोरांना कुठे कळतं?

क्षणभर वाटलं, गोठ्यात त्या मोटेचा तुकडा उरला असेल तर तोच कापावा. शोधलाही. उंदरांनी आणि वाळवीने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मग नवा वायसर घेतला, तर तो आत जाईना. किटवाल्याचं माप एक, आमच्या नळकांड्याचं माप दुसरं.

इथे गावातले एक मामा कामी आले. वालचंदनगरच्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले टर्नर. त्यांनी व्हर्नियर लावून बघितलं आणि म्हणाले, “तीन दशांश मिलिमीटर जास्त हाय. दाबून घालशील तर अडकंल, खरवडून घालशील तर गळंल.” मग त्यांनी वायसर एका स्क्रूवर चढवला, स्क्रू ड्रिल मशीनमध्ये पकडला, मशीन हळू फिरवत ठेवलं आणि कडेला नुसता बारीक पॉलिश पेपर टेकवला. दोन सेकंद टेकवायचा, थांबायचं, मोजायचं. पुन्हा टेकवायचा. असं सात-आठ वेळा. शेवटी अंगठ्याने दाबल्यावर वायसर मोजकाच विरोध करत आत सरकला. मामा म्हणाले, “असा. हात मिळवल्यावानी बसला पायजे, गळ्यात पडल्यावानी न्हाय.”

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नळकांड्याला आतून जी खाच असते तिच्या कडा धारदार होत्या. नवा वायसर त्यावरून आत जाताना पहिल्याच फेरीत कापला गेला असता. त्या कडा पॉलिश पेपरने मारून घेतल्या, आतलं जुनं काळं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं, आणि नवं ग्रीस अगदी नखभर, दट्ट्याच्या अंगाला. वायसरच्या तोंडापुढे काही नाही. ही कामं किटच्या चिठ्ठीत नव्हती.

मग प्रश्न आला स्प्रिंगचा. साधी की जड?

भाऊ म्हणाला, “दादा, जडच घाल. पत्रा वाजवून काय हुतंय? दोन दिस उडत्यात, तिसऱ्या दिशी डब्यावरच येऊन बसत्यात.”

मी त्याला कायदा सांगितला. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ची बंदूक २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. आमचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा. हिशेब केला तर २० ज्यूल गाठायला तो सेकंदाला २७५ मीटरने जायला हवा. जड स्प्रिंगवाल्याचा दावा होता २५०चा. म्हणजे साडेसोळा ज्यूल. नियमाच्या आतच. त्यामुळे कायद्याकडे बोट दाखवून मला सुटता येत नव्हतं. पोपट मारणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हे खरं, आणि भावालाही ते माहीत होतं. पण तो जे पुढे म्हणाला त्याला कायद्यात उत्तर नव्हतं. “तुझं पुण्यात बरंय. पगार एक तारखेला येतो. माझ्या पगाराला पोपट भोक पाडत्यात.”

यावर मी गप्प बसलो. बोलला ते खोटं नव्हतं.

मग पुतण्याच बोलला. त्याला कुठून माहिती मिळाली होती कोण जाणे, पण बरोबर होती. ऑलिम्पिकला १० मीटरची जी एअर रायफल असते ती सेकंदाला १७०-१८० मीटरच्या आसपासच मारते. त्याहून जोर मुद्दाम ठेवत नाहीत. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि तिथे जोर काही कामाचा नसतो. २००० साली सिडनीत अंजली वेदपाठक याच प्रकारात अंतिम फेरीत गेली. २००४ साली सुमा शिरूरने आशियाई स्पर्धेत ४००पैकी ४०० मारले. सगळं त्या एवढ्याशा जोरात. वर आमच्यासारख्या स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच दट्ट्याचा झटका बसतो. स्प्रिंग जेवढी जड तेवढा झटका मोठा, आणि तेवढा नेम फिरतो. “पप्पा, जड घातली तर पोपटालाबी लागणार न्हाय आन् डब्यालाबी न्हाय,” तो म्हणाला. भाऊ हसला. खूप दिवसांनी हसताना पाहिला.

साधी स्प्रिंग घातली. शिकंजा, पिना, दस्ता, तीन स्क्रू. पुन्हा परड्यात तोच टेप, तोच डबा, तोच फोन. दोन टोकांमधलं अंतर ०.११ सेकंद. म्हणजे सेकंदाला १८२ मीटर, साधारण पावणेनऊ ज्यूल. आधी चार होते. वीस मीटरची सरासरी आहे ही, नळीच्या तोंडाशी थोडं जास्त असणार. पण जोर दुपटीवर गेला तो वायसर आणि स्प्रिंग जागेवर बसल्यामुळे. ‘पॉवर’च्या पाकिटाला हातसुद्धा लावला नव्हता.

घरातले नियम आईने ठरवले, मी नुसते लिहून काढले. बंदूक कुलपात, छरे दुसऱ्या कपाटात, दोन किल्ल्या दोघांकडे. मोठं माणूस असल्याशिवाय बाहेर काढायची नाही. समोर मातीचा बांध असल्याशिवाय मारायची नाही. छर्रा भरताना एक हात नळीवर घट्ट, कारण नळी मोडलेली असताना घोडा सुटला तर नळी वर येते आणि बोटं नेते. आणि जिवंत वस्तूकडे तोंड नाही, भरलेली असो नाहीतर रिकामी. शेवटचा नियम सांगताना आई म्हणाली, “ह्यो त्यांचाच हाय. नवा न्हाय.”

भावाच्या डाळिंबाचं काय? एका एकरावर जाळी टाकली. निम्मे पैसे मी दिले. तो नको नको म्हणत होता, पण पोपटांना अभय द्यायचं तर त्याची किंमत एकट्याने शेतात राहणाऱ्यानेच का मोजायची, एवढं मला त्या दिवशी कळलं होतं. दुसऱ्या एकरावर तूर्त पत्र्याचे डबे आहेत, पण आता चार ठिकाणी, आणि दर दोन दिवसांनी जागा बदलून. पाखरं सवयीला लवकर सरावतात, हे त्याचं म्हणणं रास्तच होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी बापलेक दोघं जाऊन डबे वाजवतात. फोन करून पोरगा मला सांगतो, आज दहापैकी सात. नुकसान पूर्ण थांबलेलं नाही. पुढच्या बहाराला दुसऱ्या एकरावरही जाळी टाकायची असं ठरलंय, पैसे जमले तर.

जड स्प्रिंग पाकिटातच आहे, कोठीच्या खोलीत. भावाने तिच्याबद्दल दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा अजून तरी नाही.

तो चिरलेला वायसर आईने ठेवून घेतलाय. करडईच्या तेलात भिजत घातला होता म्हणे, बघू मऊ होतो का. झाला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या गोठ्यात, माळ्यावर जुन्या मोटेचं चामडं पडून असेल तर टाकून देऊ नका. कशाला लागेल ते आज सांगता येणार नाही. अण्णांनाही तेव्हा सांगता आलं नसतं.